समाप्तिरेषेच्या पलीकडे: ड्रॅग शर्यतीतील गाडीचा वेग सुरक्षितपणे कसा उतरवावा

ड्रॅग शर्यतीत, म्हणजे सरळ पट्ट्यावरच्या दोन गाड्यांच्या आखूड शर्यतीत, गाडी पळवायला शिकवणारे पुष्कळ भेटतात, ती थांबवायला शिकवणारे फार थोडे. हिरवा दिवा लागल्यापासून 402 मीटरच्या रेषेपर्यंत काय करायचे याची उजळणी नवखा चालक आदल्या रात्रीपासून करत असतो आणि रेषेच्या पलीकडचे तिथे गेल्यावर पाहू म्हणतो. तिथे गेल्यावर मात्र पाहायला वेळ नसतो. ताशी 240 किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात सुमारे 67 मीटर कापते. आधी पॅराशूट की आधी ब्रेक, या विचारात दोन सेकंद गेले तर थांबण्यासाठी असलेल्या रस्त्यातले 130 मीटरहून अधिक अंतर काही न करताच संपलेले असते. हा लेख ज्यांच्या पहिल्या काही धावा व्हायच्या आहेत त्यांच्यासाठी आहे. त्यात सांगितलेली बरीचशी कामे गाडी उभी असतानाच करायची आहेत, कारण वेग उतरवण्याची खरी तयारी तिथेच होते.

आधी हिशेब

वेग दुप्पट झाला की गाडीतली गतिज ऊर्जा चौपट होते, हे शाळेत शिकलेले सूत्र इथे अक्षरशः अंगावर येते. ब्रेक लावल्यावर गाडीचा वेग दर सेकंदाला ताशी 18 किलोमीटरने घटतो असे धरले, तर ताशी 120 किलोमीटरवरून थांबायला सुमारे 110 मीटर लागतात, 160 वरून सुमारे 200 मीटर, 200 वरून सुमारे 310 मीटर आणि 240 वरून जवळजवळ 445 मीटर. यात पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून ब्रेकवर जाईपर्यंतचे अंतर धरलेले नाही. चांगले ब्रेक आणि चांगले टायर यापेक्षा अधिक जोराने थांबवू शकतात हे खरे आहे, पण पहिल्या धावांचा हिशेब गाडीच्या कमाल कुवतीवर मांडू नये.

दुसरा हिशेब उष्णतेचा आहे. 1500 किलोची गाडी ताशी 240 किलोमीटर वेगाने जात असेल तर तिच्यात सुमारे 33 लाख ज्यूल ऊर्जा असते, म्हणजे साधारण दहा लिटर थंड पाणी उकळीपर्यंत नेण्याइतकी. ही सगळी ऊर्जा ब्रेकनेच शोषायची ठरवली आणि चारही डिस्कचे एकूण वजन 20 किलो असले, तर एकाच थांब्यात त्या डिस्क सुमारे साडेतीनशे अंश सेल्सिअसने तापतील. हवेचा रोध आणि टायर आपापला वाटा उचलतात, त्यामुळे प्रत्यक्षात आकडा कमी भरतो. तरीही वजन वाचवण्यासाठी पातळ, भोके पाडलेल्या हलक्या डिस्क जड गाडीला बसवण्याआधी हा आकडा डोळ्यांसमोर ठेवावा, कारण डिस्क निम्म्या वजनाच्या असल्या की तीच उष्णता त्यांना दुप्पट तापवते.

या दोन हिशेबांतून पुढचा सगळा क्रम ठरतो. हवेचा रोध वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो, म्हणून पॅराशूट सर्वांत जास्त वेगात सर्वांत जास्त ओढते आणि वेग निम्मा झाला की त्याची ओढ चौथ्या हिश्श्यावर येते. ब्रेकची ताकद मात्र वेगाप्रमाणे अशी बदलत नाही. थोडक्यात, वरचा वेग हवेने उतरवायचा आणि खालचा ब्रेकने. पॅराशूट असलेल्या गाडीत जो चालक आधी ब्रेक दाबतो आणि पुरत नाही असे दिसल्यावर पॅराशूटचा लिव्हर ओढतो, तो दोन्ही साधने नको त्या वेळी वापरत असतो.

ब्रेकची तपासणी

गाडी स्टँडवर उचलून प्रत्येक चाक हाताने फिरवून पाहावे. चाक अडखळत असेल तर कॅलिपरचा, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाचा, पिस्टन पुरता मागे येत नाही असे समजावे. असा ब्रेक धावभर घासत राहतो आणि खऱ्या कामाच्या वेळी आधीच तापलेला असतो. पॅडची जाडी, डिस्कवरच्या भेगा, ब्रेकच्या पाइपांचे सांधे आणि एक्झॉस्टजवळून जाणारी लाइन पाहून घ्यावी. ब्रेक ऑइल जुने असेल तर नुसते वरून भरू नये, सगळे काढून नवीन घालावे आणि चारही चाकांच्या ब्रेकमध्ये अडकलेली हवा काढावी. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते आणि त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. डॉट 4 प्रतीच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान 230 अंश सेल्सिअस असावा लागतो, पण ओलावा शोषलेल्या त्याच प्रतीच्या ऑइलची किमान मर्यादा 155 अंशांवर येते. कॅलिपरमध्ये ऑइलला उकळी फुटली की वाफेचे बुडबुडे तयार होतात, आणि द्रव दाबला जात नसला तरी वाफ दाबली जाते, त्यामुळे पेडल थेट तळाला जाते.

पॅड निवडताना नवख्यांकडून एक चूक हमखास होते. रेसिंगचे पॅड म्हणजे चांगले पॅड, असे समजून वळणांच्या ट्रॅकवर वापरायचे पॅड आणून बसवले जातात. ते पॅड तापल्यावर पकडतात आणि तिथे लॅपमागून लॅप तापलेलेच राहतात. ड्रॅगच्या धावेत ब्रेक जवळजवळ थंड असतात आणि एकदाच, पण पूर्ण ताकदीने लावावे लागतात. म्हणून थंड असताना पहिल्याच दाबाला पकडणारे पॅड इथे हवेत. दुकानदाराला गाडीचे वजन आणि अपेक्षित वेग सांगून मगच पॅड घ्यावेत.

ब्रेक बूस्टर, म्हणजे पेडलवरचा जोर वाढवणारा डबा, इंजिनच्या निर्वातावर चालत असेल तर आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असताना इंजिनात निर्वात जवळपास उरत नाही, आणि तीव्र कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे ठेवणारा दांडा) बसवलेल्या इंजिनात तो एरवीही कमीच असतो. बूस्टरच्या डब्यात साठलेला निर्वात एक-दोन वेळा पेडल दाबण्यापुरताच असतो. इंजिन बंद पडले तर त्यानंतर पेडल दगडासारखे कडक होते. उभ्या गाडीत इंजिन बंद करून तीन-चार वेळा पेडल दाबून पाहावे, म्हणजे कितव्या दाबाला ते कडक होते आणि मग किती जोर लावावा लागतो, हे पायाला आधीच कळते.

लाइन लॉक हे पुढच्या ब्रेकमध्ये दाब अडकवून ठेवणारे उपकरण आहे. बर्नआउट, म्हणजे धावेआधी मागचे टायर ओले करून जागच्या जागी फिरवत तापवणे, संपल्यावर ते पूर्ण सुटते आहे याची खात्री करावी. बर्नआउटनंतर गाडी थांबवताना पेडल पायाला कसे लागते तिकडे नीट लक्ष द्यावे, कारण धाव सुरू होण्याआधी ब्रेक तपासण्याची ती शेवटची संधी असते. पेडल मऊ लागले, नेहमीपेक्षा खोल गेले किंवा दुसऱ्यांदा दाबल्यावरच घट्ट झाले, तर हात वर करून रांगेतून बाहेर पडावे. त्यात कमीपणा काही नाही. सुटण्याच्या रेषेवरून माघारी फिरलेला चालक तासाभरात पुन्हा रांगेत उभा राहू शकतो.

पॅराशूट

अमेरिकेतील नॅशनल हॉट रॉड असोसिएशन या ड्रॅग शर्यती भरवणाऱ्या संस्थेच्या नियमांनुसार ताशी 150 मैल, म्हणजे सुमारे 241 किलोमीटर, किंवा त्याहून अधिक वेग गाठणाऱ्या गाडीला पॅराशूट सक्तीचे आहे, आणि ताशी 200 मैलांपासून, म्हणजे सुमारे 322 किलोमीटरपासून, दोन लागतात. आपण ज्या ट्रॅकवर धावणार तिथले नियम वेगळे असू शकतात. माझे मत विचाराल तर नियमाची रेषा ही किमान मर्यादा आहे. गाडी जड असेल किंवा थांबण्याचा पट्टा आखूड असेल, तर त्या वेगाच्या पुष्कळ आधीच पॅराशूट बसवलेले बरे.

पॅराशूटची दोरी चासीला जिथे बांधलेली असते ती जागा गाडीच्या गुरुत्वमध्याच्या उंचीच्या जवळपास असावी. ती फार वर असेल तर ओढ बसताच पुढचा भाग हलका होतो आणि स्टिअरिंगची पकड जाते. फार खाली असेल तर मागचा भाग हलका होतो आणि मागची चाके घसरू लागतात. दोरी अडकवायचा कंस (ब्रॅकेट) चासीच्या मुख्य नळ्यांना जोडलेला हवा, बंपरला किंवा डिकीच्या पत्र्याला नव्हे. दोन पॅराशूट असतील तर ती एकमेकांत गुंतू नयेत म्हणून त्यांच्या दोऱ्यांची लांबी वेगवेगळी ठेवतात.

घडी घालणे हे दोघांचे काम आहे. स्वच्छ चादर अंथरून पॅराशूट त्यावर पूर्ण लांब पसरावे. एकाने चासीकडची दोरी ताणून धरावी आणि दुसऱ्याने कापडाकडून सुरुवात करून प्रत्येक दोरी बोटांमधून सरकवत न्यावी. डोळ्यांना न दिसणारी गोष्ट बोटांना कळते: एखाद्या जागी दोरी कडक लागली तर ती उष्णतेने वितळून पुन्हा गोठली आहे, आणि खरखरीत लागली तर रस्त्यावर घासून तिचे धागे सुटले आहेत. दोऱ्यांना पीळ पडला असेल तर तो सोडवल्याशिवाय पुढे जाऊ नये. त्यानंतर दोऱ्या नागमोडी घड्यांनी पिशवीत ठेवाव्यात, त्यावर कापडाची घडी, आणि सर्वांत वर स्प्रिंगचे छोटे पॅराशूट दाबून बसवावे. हे छोटे पॅराशूट स्प्रिंगच्या जोराने बाहेर उडते, वारा पकडते आणि मोठ्याला खेचून काढते. नेमका क्रम पॅराशूट बनवणाऱ्याच्या पत्रकाप्रमाणेच ठेवावा, कारण सगळ्यांची पिशवी सारखी नसते. ओले पॅराशूट कधीही घडी करून ठेवू नये. ओलसर कापडाचे थर एकमेकांना चिकटतात, आणि ते चिकटले आहेत हे कळायचे ठिकाण म्हणजे समाप्तिरेषा. ऊन, बॅटरीचे आम्ल, इंधन आणि एक्झॉस्टची धग या चार गोष्टींपासून ते लांब ठेवावे.

राहता राहिली पिन. पिशवी चुकून उघडू नये म्हणून तिच्यात सुरक्षा पिन असते आणि तिला लांब लाल फीत बांधलेली असते. ती पिन धावेच्या रांगेत असताना, गाडीजवळच्या एकाच ठरलेल्या माणसाने काढायची आणि चालकाला दाखवायची. मी तर म्हणेन की ती फीत काढणाऱ्याच्या हातात चालकाच्या डोळ्यांना दिसल्याशिवाय चालकाने बर्नआउटच्या पाण्यात गाडी घालूच नये. पिन काढायची राहिली तर ओढलेला लिव्हर निव्वळ शोभेचा ठरतो, आणि ही चूक अनुभवी संघांकडूनही होते, कारण प्रत्येकाला वाटते की ती दुसऱ्याने काढली असेल.

पट्टा पायी पाहून घ्यावा

सकाळी परवानगी घेऊन समाप्तिरेषेपासून, न थांबलेली गाडी अडवण्यासाठी टोकाला टाकलेल्या वाळूपर्यंत एकदा चालत जावे. सुरुवातीच्या भागावर चिकट द्रव्य फवारलेले असते आणि टायरचे रबर घासून बसलेले असते, म्हणून तिथे गाडी जमिनीला चिकटून धावते. थांबण्याच्या पट्ट्यावर ती तयारी नसते. तिथले डांबर उघडे, कधी धुळीचे, कधी उंचसखल असते, आणि काँक्रीट संपून डांबर सुरू होते त्या सांध्यावर गाडी उसळू शकते. रस्ता चढाचा आहे की उताराचा, बाहेर पडण्याची वळणे किती, कोणत्या बाजूला आणि किती अंतरावर, वाळू कुठे सुरू होते, संध्याकाळी सूर्य कोणत्या बाजूला असेल, रात्री दिवे कुठपर्यंत आहेत, हे सगळे पाहून ठेवावे. मग कडेची एखादी खूण निवडावी, खांब असेल किंवा फलक, आणि ठरवून टाकावे की या खुणेपाशी गाडी ब्रेकच्या पूर्ण ताब्यात असलीच पाहिजे. पहिल्याच वळणाने बाहेर पडण्याचा हट्ट धरू नये. शेवटचे वळण त्यासाठीच असते.

त्यानंतर गाडीत बसून, आसनाचे पट्टे आवळून, हेल्मेट घालून, डोळे मिटून हाताने सगळ्या वस्तू शोधाव्यात: पॅराशूटचा लिव्हर, इग्निशनचा स्विच, इंधन बंद करण्याचा कॉक, अग्निशामकाची मूठ, गिअरची न्यूट्रल जागा. नॅशनल हॉट रॉड असोसिएशनच्या परवान्याच्या चाचणीत चालकाचे डोळे झाकून हेच करून घेतात. पट्टे आवळल्यावर हात किती आखूड होतो, हे त्याशिवाय कळत नाही. लिव्हरपर्यंत बोटे जेमतेम पोहोचत असतील तर लिव्हर हलवावा. पट्टे सैल करणे हा त्यावरचा उपाय नव्हे.

रेषा ओलांडताना

नवख्याने रेषेच्या आधी ब्रेकला पाय लावू नये. चालकाने आधी जाहीर केलेल्या वेळेपेक्षा लवकर पोहोचून चालत नाही अशा शर्यतीत जाणकार चालक रेषेच्या अलीकडे ब्रेक लावून दोन गाड्यांमधले अंतर जोखतात. ती कला आहे, पण पूर्ण वेगात, मऊ टायरवर, शेजारी दुसरी गाडी असताना करायची ती गोष्ट पहिल्या हंगामासाठी नाही. वेगमापनाचा पट्टा रेषेच्या आधीच्या 66 फुटांत, म्हणजे सुमारे 20 मीटरांत असतो. तो सरळ पार करावा.

रेषा ओलांडताना पॅराशूट असेल तर आधी लिव्हर ओढावा आणि हात लगेच स्टिअरिंगवर परत आणावा. पाय त्याच वेळी अ‍ॅक्सिलरेटरवरून उचलायला सुरुवात करावी, पण एकदम काढून घेऊ नये. पाय झटक्यात काढला की वजन पुढे सरकते, मागचे टायर हलके होतात आणि इंजिनची गाडीला मागे धरणारी ओढ नेमकी त्याच हलक्या टायरांवर येते, त्यामुळे मागचा भाग डोलू लागतो. अर्ध्या सेकंदाचाच फरक आहे, पण त्या अर्ध्या सेकंदात गाडी सरळ राहते. नायट्रस (इंजिनची ताकद वाढवणारा वायू) असेल तर त्याचा स्विच इथेच बंद करावा.

पॅराशूट उघडल्याचा धक्का पट्ट्यांमध्ये स्पष्ट जाणवतो. खांदे पुढे ओढले जातात, मान पुढे जाऊ पाहते, आणि मान सांभाळणारे साधन सक्तीचे का असते ते तेव्हा कळते. हा धक्का बसेपर्यंत ब्रेक जोरात दाबू नये. पॅराशूट मागून ओढत असल्याने ते गाडीला सरळ ठेवायला मदत करते, मात्र आडवा वारा असेल तर पॅराशूट वाऱ्याच्या दिशेने सरकते आणि गाडीचा मागचा भाग त्या बाजूला ओढते. तेव्हा स्टिअरिंगने थोडीशीच दुरुस्ती करावी, झटका देऊ नये. लिव्हर ओढल्यावर मनातल्या मनात "एक" म्हणावे. ते म्हणून होईपर्यंत धक्का बसला नाही तर पॅराशूट नाही असे समजून लगेच ब्रेककडे वळावे. लिव्हर पुन्हा पुन्हा ओढत बसू नये आणि आरशात पाहून खात्री करण्याच्या भानगडीत पडू नये.

गिअर वरचाच राहू द्यावा. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये वेगात खालचा गिअर टाकला तर मागची चाके एकदम अडकल्यासारखी होतात आणि गिअरबॉक्सच्या आतले भाग मर्यादेपलीकडे फिरतात. वेगात न्यूट्रल करण्याचीही सवय लावू नये. त्याने इंजिनची ओढ जाते आणि काही रेसिंग गिअरबॉक्सना ते सोसत नाही. हाताने बदलायच्या गिअरची गाडी असेल तर गिअरमध्ये ठेवूनच वेग उतरवावा आणि इंजिन बंद पडण्याच्या बेताला आल्यावर क्लच दाबावा.

दर धावेत पॅराशूट उघडावे, गरज नसली तरीही. पुन्हा घडी घालण्याचा कंटाळा येतो हे मान्य आहे, पण ज्या दिवशी गरज पडेल त्या दिवशी हात आपोआप लिव्हरकडे गेला पाहिजे, आणि आपोआप घडणारी गोष्ट फक्त वारंवार केल्यानेच अंगवळणी पडते.

ब्रेक लावताना

गाडी सरळ आहे आणि स्टिअरिंगही सरळ आहे, याची खात्री झाली की पेडलवर पाय ठेवावा आणि दाब वाढवत न्यावा. पहिल्या क्षणी हलका दाब द्यावा, त्याने वजन पुढच्या चाकांवर जाते. मग भक्कम दाब द्यावा आणि तो तसाच ठेवावा. ड्रॅगच्या गाडीला पुढचे टायर अनेकदा अरुंद असतात आणि मागचे रुंद, मऊ, कमी हवेचे असतात. जोरात ब्रेक लावल्यावर वजन मागून निघून जाते आणि मागची चाके जाम होण्याची शक्यता वाढते. मागची चाके आधी जाम झाली तर गाडी फिरू लागते. म्हणून पुढच्या-मागच्या ब्रेकमधल्या दाबाची वाटणी कमी वेगात, मोकळ्या जागेत तपासून घ्यावी आणि थोडा कल पुढच्या ब्रेककडेच ठेवावा.

मागचा भाग हलल्यासारखा वाटला तर ब्रेक पूर्ण सोडू नये आणि आणखी दाबूही नये. दाब थोडा कमी करावा, गाडी सरळ होऊ द्यावी आणि मग पुन्हा वाढवावा. पुढे-मागे वेगळ्या बांधणीचे टायर असतील तर गाडी मुळातच थोडी डोलते, त्या डोलण्याला प्रत्येक वेळी स्टिअरिंगने उत्तर दिले तर ते वाढते. रस्त्यावर चालणाऱ्या आधुनिक गाडीत एबीएस (चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) असेल तर ते चालूच ठेवावे आणि पेडल थरथरले म्हणून पाय काढू नये. पेडल तळाला गेले तर मात्र ते पटापट दोन-तीन वेळा पंप करावे, त्याने कधी कधी उरलासुरला दाब परत मिळतो.

लेन आणि बाहेरचे वळण

रेषेच्या पलीकडे शर्यत संपते, पण शेजारची गाडी तिथेच असते. आपल्या लेनमध्येच राहावे. दुसरी गाडी मागे पडली होती म्हणून ती मागेच असेल असे गृहीत धरू नये, कारण तिचे पॅराशूट उघडले नसेल किंवा तिचे ब्रेक गेले असतील. बाहेर पडण्याचे वळण ज्या बाजूला आहे त्या बाजूच्या लेनमधली गाडी साधारणपणे आधी वळते आणि पलीकडच्या लेनमधली गाडी तिला वाट देते. ट्रॅकवर वेगळा नियम असेल तर तो चालकांच्या बैठकीत सांगतात, सांगितला नाही तर विचारून घ्यावा. दुसऱ्या गाडीचा पत्ता नक्की लागल्याशिवाय तिच्या समोरून वळू नये.

इथे डोळे फसवतात. ताशी 240 किलोमीटरवरून 90 वर आलेल्या चालकाला गाडी जवळजवळ थांबली आहे असे वाटते आणि तो त्याच वेगात वळण घ्यायला जातो. म्हणून वळण्याआधी वेगदर्शक पाहावा, तो नसेल तर इंजिनचे फेरे पाहावेत. डोळ्यांच्या अंदाजावर विसंबू नये. शिवाय ड्रॅगच्या गाडीत मागची दोन्ही चाके बहुतेक वेळा एकाच वेगाने फिरतील अशी जोडलेली असतात, त्यामुळे स्टिअरिंग वळवले तरी गाडी सरळ रेटत राहते. चालत्या माणसाच्या दुप्पट-तिप्पट वेगाने वळावे, त्याहून जास्त नाही. पॅराशूट मागे फरफटत असते. वळताना त्याच्या दोऱ्या मागच्या चाकाखाली आल्या तर त्या ॲक्सलभोवती गुंडाळल्या जातात, म्हणून वळण मोठे घ्यावे आणि मुख्य पट्ट्याच्या पूर्ण बाहेर आल्यावर थांबून पॅराशूट गोळा करावे. धावपट्टीवर मागे फिरून येणे, मग कारण काहीही असो, कधीही करू नये. मागून पुढची जोडी सुटलेली असू शकते.

काही बिघडले तर

अ‍ॅक्सिलरेटर अडकला तर इग्निशन बंद करणे हे पहिले काम आहे. त्यासाठी स्टिअरिंगवर अंगठ्याच्या टप्प्यात किल स्विच असावा. किल्लीची गाडी असेल तर किल्ली एकच टप्पा मागे फिरवावी, शेवटपर्यंत नेली तर स्टिअरिंग लॉक होऊ शकते. नंतर न्यूट्रल किंवा क्लच, पॅराशूट आणि ब्रेक.

इंजिनमधून ऑइल गळते आहे असा संशय आला, धूर दिसला किंवा गाडी अचानक घसरल्यासारखी वाटली, तर पाय काढावा आणि शेजारची लेन न ओलांडता आपल्या बाजूच्या भिंतीजवळ जाऊन थांबावे. थोड्या जागेत सांडलेले ऑइल लवकर साफ होते, पट्टाभर ओढत नेलेले ऑइल मात्र मागच्या प्रत्येकाला धोक्यात घालते. आग लागली तर इंधन बंद करावे, अग्निशामक ओढावा आणि गाडी थांबवणे चालूच ठेवावे. थांबल्याशिवाय पट्टे सोडू नयेत.

काहीच थांबत नसेल आणि शेवटची वाळू समोर दिसत असेल तर तिच्यात सरळ जावे. शेवटच्या क्षणी वळून ती चुकवण्याचा प्रयत्न गाडी आडवी करतो, आणि आडवी गाडी वाळूत उलटते. इंजिन आणि इंधन बंद करावे, अंगठे स्टिअरिंगच्या चाकाच्या आतून काढून घ्यावेत आणि डोके मागे टेकवावे.

हे सगळे प्रकरण किती गंभीर आहे याची नोंद खेळाच्या इतिहासात आहे. 21 जून 2008 रोजी न्यू जर्सीतील इंग्लिशटाउन येथे पात्रता फेरीत स्कॉट कॅलिटा यांच्या फनी कारचे (या खेळातल्या सर्वांत वेगवान वर्गांपैकी एकातल्या गाडीचे) इंजिन समाप्तिरेषेजवळ फुटले, पॅराशूटचे नुकसान झाले आणि गाडी पट्ट्याच्या टोकाला जाईपर्यंत पुरेशी मंदावली नाही. त्यात त्यांचा मृत्यू झाला. ते या खेळातले नामांकित आणि अनुभवी चालक होते. त्यानंतर त्याच वर्षी जुलैपासून नॅशनल हॉट रॉड असोसिएशनने सर्वांत वेगवान दोन वर्गांसाठी शर्यतीचे अंतर 1320 फुटांवरून 1000 फुटांवर आणले, म्हणजे थांबण्यासाठी 320 फूट, सुमारे 98 मीटर, जास्त मिळाले. पुढे या गाड्यांमध्ये इंजिन फुटताच इंधन बंद होऊन पॅराशूट आपोआप सुटेल अशी यंत्रणाही आली. उपाय म्हणून आधी थांबण्याचे अंतर वाढवले गेले, ही गोष्ट नवख्याने लक्षात घेण्यासारखी आहे: आपल्याजवळ पट्टा आखूड असेल तर 201 मीटरची धाव घ्यावी, किंवा पूर्ण अंतराच्या अलीकडेच पाय काढावा. त्या दिवशीच्या चिठ्ठीवर वेळ वाईट दिसेल, इतकेच.

परत आल्यावर

परतीच्या रस्त्यावर हेल्मेट आणि पट्टे काढू नयेत. गाडी जागेवर आली की हँडब्रेक ओढून ठेवू नये. तापलेल्या डिस्कला पॅड चिकटून राहिला तर एकाच जागी उष्णता कोंडते, म्हणून चाकाखाली ठोकळे लावावेत. दहा मिनिटांनी डिस्कचा रंग पाहावा. निळसर छटा आली असेल तर ब्रेकवर त्यांच्या कुवतीपेक्षा जास्त भार पडला आहे, आणि पुढच्या धावेत पॅराशूट लवकर किंवा वेग कमी, यांपैकी एक निवडावे लागेल. पेडल पुन्हा दाबून पाहावे. सकाळपेक्षा ते खोल जात असेल तर ब्रेक ऑइलला उकळी लागून गेली असे समजून ब्रेकमधली हवा पुन्हा काढावी.

एका छोट्या वहीत प्रत्येक धावेसाठी चारच गोष्टी लिहाव्यात: रेषेवरचा वेग, वाऱ्याची दिशा, पूर्ण ब्रेक कुठल्या खुणेपाशी लावला आणि गाडी कुठल्या वळणाने बाहेर पडली. पाच-सहा धावांनंतर आपली गाडी किती अंतरात थांबते, हे अंदाजाने सांगावे लागत नाही. मग चादर अंथरून पॅराशूट पसरावे, गवत आणि खडे झटकावेत, दोऱ्या पुन्हा बोटांतून सरकवाव्यात, घडी घालावी, आणि पिन बसवून तिची लाल फीत अशी लोंबती सोडावी की गाडीमागून जाणाऱ्या कुणाच्याही नजरेतून ती सुटणार नाही.